दोन शेजाऱ्यांच्या सह्या

ता. ९ जानेवारी

ताई,

गुडघे वाकत नाहीत, म्हणून कागदावरूनच पाया पडतो. तू फोन कर म्हणतेस, पण फोनवर मला सुचत नाही आणि तुला ऐकू येत नाही. त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी अशी की या वयात मला काम मिळालं. हसू नकोस. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पूर्वी दवाखाना होता, ती खोली एका संस्थेने घेतली आहे. संस्थेच्या मॅडम सगळ्यांना गोळा करून सांगून गेल्या की माणूस माणसापासून तुटला आहे आणि त्याला शिडीने जोडायचं आहे. म्हणजे असं, की घरोघरी शिडी कशाला? एक शिडी खाली ठेवायची, ज्याला लागेल त्याने न्यायची, परत आणायची. तसंच ड्रिल मशीन, मोठी पातेली, वॉकर, चाकाची खुर्ची. याला त्या वस्तुघर म्हणतात. वस्तू फिरली की विश्वास फिरतो, विश्वास फिरला की नागरी मूल्यं रुजतात, हे त्यांनी फळ्यावर बाण काढून दाखवलं. बाण मला समजले नाहीत, पण सहावी शिकलेल्याने बाणांना हरकत घेऊ नये.

शेवटी त्यांनी विचारलं, व्यवस्था कोण बघणार? मी फक्त एवढंच म्हटलं, की वस्तू परत आली नाही तर? मोडून आली तर? नेणाराच घर सोडून गेला तर? चौथा प्रश्न विचारायच्या आत त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

खरं कारण तुला सांगतो. डिसेंबरात ही न्हाणीघरात चक्कर येऊन खाली बसली. मला एकट्याला उचलेना. दाराशी जाऊन हाक मारावी म्हटलं, तर मारायची कोणाला? अकरा वर्षं हे तीन मजले चढतोय, पण समोरच्या शिंप्याशी ‘दिवे गेले का’ याच्यापलीकडे माझं बोलणं नाही. अर्ध्या तासाने ही आपली आपण उठली आणि तिनेच मला पाणी आणून दिलं. तेव्हापासून एकच विचार डोकं कुरतडतो, की उद्या खरंच काही झालं तर येईल कोण? मुलगा दोन विमानं बदलून येणार. म्हटलं, संस्थेत बसलो तर चार माणसं ओळखीची होतील.

चाळीस वर्षं दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केले. एक खोली सांभाळता येईल, असं वाटतं. येईल ना?

तुझा
धाकटा


ता. १७ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद पाठवते. त्यातले निम्मे तुझ्या बायकोला दे, तिला जास्त गरज आहे.

बायको चक्कर येऊन पडली हे तू महिन्याने कळवतोस, तेही शिडीच्या मागे. डॉक्टरला दाखवलंस का? रक्तदाब तपासलास का? छत्तीस वर्षं मी वॉर्डात नर्स होते. आधी पेशंट, मग सामान.

आणि ऐक. लहानपणी पुसलं जाईल म्हणून तू पाटीवर लिहायचाच नाहीस. पाटी वर्षभर कोरी करकरीत आणि तू त्याच वर्गात. जिने किल्ली तुझ्या हातात दिली त्या बाईला हे ठाऊक नाही, मला आहे. लोकांना हसून ‘घेऊन जा’ म्हण. माणसं जोडायला बसला आहेस, नियम करत बसू नकोस.

ताई


ता. २० फेब्रुवारी

ताई,

रक्तदाब तपासला. हिचा ठीक आहे, माझा वाढलाय.

नियम करू नकोस असं तू लिहिलंस, पण पत्र पोचेपर्यंत ते झाले होते. फार नाहीत. कोणतीही वस्तू नेताना दोन शेजाऱ्यांच्या जामीन म्हणून सह्या आणायच्या. एक आपल्याच मजल्यावरच्या बिऱ्हाडाची, एक दुसऱ्या मजल्यावरची. वस्तू कशाला हवी ते तीन ओळींत लिहायचं. आणि व्यवस्थापकाने, म्हणजे मी, कोणासाठीही सही करायची नाही, नाहीतर पक्षपात होईल. सांग, यात काय चुकलं?

पण लोकांना शिस्त म्हटली की पोटात दुखतं. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई स्क्रू ड्रायव्हर न्यायला आल्या. जन्मभर मुलांकडून निबंध लिहून घेतले, आणि मी तीन ओळी मागितल्या तर म्हणतात, “चष्म्याचा स्क्रू सैल झालाय. यात तीन ओळी काय लिहू? प्रस्तावना?” मी म्हटलं, काहीही लिहा, पण तीन. त्यांनी लिहिलं: ‘चष्म्याचा स्क्रू सैल झाला आहे. चष्मा सारखा पडतो. पडला की व्यवस्थापक दिसत नाहीत, हा एकच फायदा.’ मी ते तसंच फायलीला लावलं.

तळमजल्यावरचा ड्रायव्हर पातेलं न्यायला आला. सहीसाठी त्याला चौथ्या मजल्यापर्यंत जावं लागलं. शिव्या देत वर गेला आणि तासाभराने हसत खाली आला. वर दोन भाऊ राहतात, कुत्री पाळणारे. त्यांनी त्याला बसवून चहा पाजला म्हणे. कोणावर हसत होता ते मला कळतं. हल्ली जिन्यात चार माणसं बोलत उभी असतात आणि मी दिसलो की गप्प होतात. पूर्वी निदान कोणीच कोणाशी बोलत नसे.

समोरच्या शिंप्याला शिडी देता आली नाही. दिव्याचं होल्डर बदलायला त्याने टेबलावर स्टूल ठेवलं. त्याला जरा लागलं, असं ऐकतो.

पण एकही वस्तू हरवलेली नाही. शिडीचा तर वरचा प्लास्टिकचा कागदही निघालेला नाही.

तुझा
धाकटा


ता. १ मार्च

धाकट्या,

तू जे घाईने शेवटी लिहितोस ते मी आधी वाचते.

‘त्याला जरा लागलं, असं ऐकतो.’ समोरच्या दारात राहतोस आणि ऐकतोस? जरा म्हणजे किती? कोणता हात? प्लॅस्टर आहे का? आणि ‘शिडी देता आली नाही’ म्हणजे काय, शिडीला ताप आला होता?

गोल गोल लिहू नकोस. मला जखम दाखव, पट्टी नको.

ताई


ता. १८ मार्च

ताई,

उजवा हात. मनगट. तीन आठवडे प्लॅस्टर. गेल्या सोमवारी काढलं.

आता सांगतोच. तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाडं दोनच, एक त्याचं आणि एक माझं. त्याच्या मजल्यावरची सही म्हणजे माझी सही, आणि मला सही करायला माझीच बंदी. तो शांतपणे म्हणाला, “म्हणजे काका, या जन्मी मला शिडी मिळायची नाही?” मी म्हटलं, नियमाप्रमाणे तसं दिसतंय. तो म्हणाला, “बरं.” ते ‘बरं’ अजून माझ्या कानात आहे. शिंप्याचा उजवा हात, ताई. पूर्वी त्याच्या मशीनच्या आवाजाने माझी दुपारची झोप मोडायची. मशीन बंद पडलं आणि डोळा लागेनासा झाला.

माफी मागायला दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो. मग वाटलं, माफी मागितली आणि त्याने परत शिडी मागितली तर?

मॅडमना फोन करून विचारलं, नियम थोडा सैल करू का? उत्तरादाखल हे पत्र आलं. सोबत जोडतो. हसायचं की रडायचं ते तू सांग.

ही माझ्याशी कामापुरतं बोलते. रोज समोर जेवण नेऊन देते आणि तासभर तिथेच बसते. मी विचारलं, काय बोलता? म्हणाली, “सही लागत नाही तिथे बोलायला.”

तुझा
धाकटा


(सोबतचं पत्र)

मा. व्यवस्थापक, वस्तुघर,

आपल्या ‘द्विशेजारी जामीन पद्धती’चे मूल्यमापन कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे.

गेल्या दोन महिन्यांत आपल्या केंद्रातून नऊ वस्तू गेल्या. तथापि त्या नऊ वस्तूंसाठी रहिवाशांनी एकमेकांच्या घरी एकूण एकशे बारा भेटी दिल्या. हे प्रमाण आमच्या सर्व केंद्रांत सर्वाधिक आहे. ‘आपल्या इमारतीत सर्वांचे एकमत असलेला विषय कोणता?’ या प्रश्नावर सर्व बिऱ्हाडांनी ‘व्यवस्थापक’ असे उत्तर दिले. असे एकमत अन्यत्र कुठेही आढळलेले नाही.

सबब ही पद्धती इतर सात केंद्रांत लागू करण्याचे ठरले आहे. तरी नियमात कोणताही बदल करू नये. शिडीवरील वेष्टनही काढू नये. पाहणीस येणाऱ्या पाहुण्यांना ती नवी दिसावी.

आपली,
समन्वयक (मॅडम)


ता. २५ मार्च

धाकट्या,

हसून घेतलं. तू रड, आणि रडून झालं की समोरचं दार वाजव. पद्धत गेली खड्ड्यात. सात केंद्रांचं सात केंद्रं बघतील, तुझ्या मजल्यावर दारं दोनच आहेत.

तीस तारखेला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. महिनाभर वाचायचं नाही, लिहायचं नाही. तुझी पत्रं सून वाचून दाखवेल, तेव्हा अक्षर जरा माणसासारखं काढ.

ताई


ता. १२ एप्रिल

ताई,

(सूनबाई, हे तिला हळूहळू वाचून दाखव.)

ही पडली. तीन तारखेला, सकाळी अकराला. मी तेव्हा खाली काय करत होतो सांगू? शिडीवरचा प्लास्टिकचा कागद पुसत होतो. वर आलो तर ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडवी. म्हणाली, “ओरडू नका, हाड मोडलंय, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.” माझ्याहून तीच शुद्धीवर होती. दोन माणसं आली आणि स्ट्रेचरवरून घेऊन गेली. इमारतीत त्या वेळी फक्त मास्तरीणबाई होत्या. त्यांनी फाटक उघडून धरलं आणि माझ्याकडे बघितलं.

खुब्याचं ऑपरेशन झालं. रॉड घातलाय. वीस तारखेला घरी सोडणार, पण सहा आठवडे पाय टेकायचा नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरी कसं नेणार? मी छाती पुढे काढून सांगितलं, चाकाची खुर्ची आमच्याकडेच आहे.

मग आठवलं की तिला दोन सह्या लागतात. माझ्या मजल्यावरची सही एकाचीच.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “काका, व्यवस्थापकानेच अपवाद केला तर सात केंद्रांना काय संदेश जाईल? दोन घरी जा ना! त्यातच तर खरी गंमत आहे.” ताई, गंमत मला काही केल्या दिसत नाही. ज्याचा हात मी मोडायला लावला, त्याच हाताची सही मागायला जाऊ? आणि नाही म्हणाला तर हिला घरी कसा आणू? रोज हॉस्पिटलात जातो, ही विचारते, “खुर्चीचं झालं का?” मी म्हणतो, होतंय. आठ दिवस राहिले.

तुझा
धाकटा


ता. १५ एप्रिल
(सुनेच्या अक्षरात)

धाकट्या,

किल्ली तुझ्या खिशात आहे. खोली उघड, खुर्ची बाहेर काढ, बायकोला घरी आण. एवढं कळायला सातवी पास व्हावं लागत नाही. संदेश कोणाला जायचा तो जाऊ दे. डोळ्यावर पट्टी आहे म्हणून, नाहीतर मीच येऊन कुलूप फोडलं असतं.

ताई

(ता. क. मामा, सासूबाई जे बोलल्या त्यातलं निम्मंच लिहिलंय. बाकीचं मला लिहवेना. – सून)


ता. २३ एप्रिल

ताई,

ही घरी आली. आधी तेच सांगतो, म्हणजे सूनबाईला पुढचं निवांत वाचता येईल.

तुझं पत्र मिळाल्यावर खोली उघडली. खुर्चीला हातही लावला. पण जो नियम दाखवून शिंप्याला परत पाठवला तो स्वतःसाठी वाकवायचा, हे काही जमेना. कुलूप लावलं, फॉर्म घेतला आणि मास्तरीणबाईंकडे गेलो. त्यांनी माझ्या तीन ओळी वाचल्या. मी लिहिलं होतं: ‘बायकोला घरी आणायचं आहे. तिला चालता येत नाही. मला एकट्याला घरात बसवत नाही.’ त्यांनी लाल पेन काढलं, पहिल्या दोन ओळींत तीन चुका दुरुस्त केल्या, तिसरीला हात लावला नाही. सही केली आणि नाक शिंकरत म्हणाल्या, “जा आता वर.”

शिंप्याने दार उघडलं. मी फॉर्म पुढे केला. त्याने घेतलाच नाही.

“सही करणार नाही.”

मी म्हटलं, “बरोबर आहे तुझं.” वळलो, तर मागून त्याने विचारलं,

“काका, आपला मजला कितवा?”

“तिसरा.”

“लिफ्ट?”

“नाही.”

“मग ती चाकाची खुर्ची जिना चढणार आहे का?”

ताई, आठ दिवस मी सह्या, सह्या करत होतो. जिना माझ्या मनातसुद्धा आला नव्हता.

त्याने मला आत ओढलं. मशीनशेजारी त्याची उंच पाठीची लाकडी खुर्ची होती. तिला जाड कापडाचे रुंद पट्टे शिवलेले, चार बाजूंना चार मुठी, आणि छातीवरून बांधायला एक. शिलाई दुहेरी.

“परवाच केलेत,” तो म्हणाला. “वरचे दोघं भाऊ, ड्रायव्हर आणि मी. तुमच्यासाठी मास्तरीणबाईंनी काम ठेवलंय, एक्सरे धरायचं. काकूंचं वजन किती?”

“त्रेपन्न किलो.” वजनाच्या बाबतीत मी चुकत नाही.

मग मी विचारलं, “परवाच ठरलं होतं, तर मला कोणी सांगितलं का नाही?”

“सांगणार होतो. म्हटलं आधी बघू, तुम्ही सही मागायला येता की माणसं मागायला.”

मी फॉर्म घडी करून खिशात घातला. “माणसं,” मी म्हटलं. “माणसं दे. आणि तुझ्या हाताचं...” पुढचं काय बोललो ते आठवत नाही. बोलत होतो बराच वेळ. तो मान खाली घालून पट्ट्याची गाठ तपासत होता. शेवटी म्हणाला, “काका, ही मूठ धरा. ताणून बघू.”

वीस तारखेला आणली. मास्तरीणबाई पुढे चालत, “डावा पाय, सावकाश, वळण आलं,” करत वर्ग चढवावा तशी वरात वर नेत होत्या. ही खुर्चीत ताठ. पहिल्या मजल्यावर ड्रायव्हरला विचारते, “मुलीचा खोकला गेला का?” दुसऱ्यावर वरच्या भावांना, “धाकट्या कुत्रीचं खाणं सुधारलं?” मी थक्क. या सगळ्यांना एकमेकांच्या घरातलं सगळं ठाऊक. कसं, तर सह्या मागायला हिंडताना. एकाने दार उघडायचं, दुसऱ्याने मला शिव्या घालायच्या, पहिल्याने ‘आत या, बसून घाला’ म्हणायचं. मॅडमच्या बाणांत हे कुठेच नव्हतं.

मी फक्त एक्सरे घेऊन चढलो, तरी सगळ्यांत जास्त दम मलाच लागला.

नियम त्याच दिवशी फाडला. शिडी शिंप्याकडे आहे. कधी परत आणणार ते विचारलेलं नाही. विचारावंसं फार वाटतं.

तुझा
धाकटा


ता. ८ मे

धाकट्या,

पट्टी सुटली. हे मी स्वतः लिहितेय.

जिना माझ्याही डोक्यात आला नाही. माझ्या इमारतीत लिफ्ट आहे, तुला तेवढीही सबब नाही.

तिसरी ओळ सुनेने वाचली तेव्हा तिला सांगितलं, परत वाच. तुझ्या बायकोला दाखवलीस का? नसशील. दाखव.

ताई


ता. ३० जून

ताई,

दाखवली. ही म्हणाली, “अक्षर बरं काढलंय.” आणि कागद स्वतःजवळ ठेवून घेतला.

आता वॉकरने चालते. घरात बघावं तेव्हा कोणीतरी बसलेलं असतं. चहा दिवसातून सहा वेळा होतो आणि तो मी करतो.

पण मुख्य गोष्ट वेगळीच. जूनच्या सुरुवातीला मॅडम वार्षिक अहवालासाठी आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि खट्टू झाल्या. “पण काका, काकूंसाठी वस्तू कोणती गेली?” मी म्हटलं, कोणतीच नाही. खुर्ची शिंप्याची, कापड शिंप्याचं, माणसं इमारतीची. “मग हे आपल्या कामात धरता येणार नाही,” त्या म्हणाल्या. थोडा विचार केला. “फोटो तरी आहे का?” फोटो नव्हता. तेव्हा त्यांनी सुचवलं की काकूंना पुन्हा एकदा खाली नेऊन वर आणावं. आणि या वेळी चाकाची खुर्ची बाजूला दिसेल अशी ठेवावी.

मी हो म्हणणार होतो. मला तुझ्यासारखं पटकन नाही म्हणता येत नाही. पण ही आतून ओरडली, “माझं हाड आत्ताच जुळलंय. एवढी हौस असेल तर मॅडमना बसवा!”

शिंप्याने खुर्ची खाली फाटकाशी नेली, आम्ही सगळे मागोमाग उतरलो. मॅडम नको नको म्हणत बसल्या, पट्टा बांधला गेला, चौघांनी उचललं. जमीन सुटल्याबरोबर त्यांनी डोळे घट्ट मिटले, ऊन नको म्हणून डोक्यावर घेतलेली ओढणी तशीच राहिली, आणि एका हाताने ड्रायव्हरची कॉलर धरली ती सोडेनात. त्यांच्याबरोबर आलेल्या माणसाने फटाफट फोटो काढले. दुसऱ्या मजल्यावर मास्तरीणबाई म्हणाल्या, “मॅडम, विश्वास ठेवा की.” मॅडमनी कॉलर आणखी घट्ट धरली. वर उतरल्यावर पाणी प्यायल्या आणि दहा मिनिटं त्यांना एकही मूल्य आठवलं नाही.

काल अहवाल छापून आला, सध्या एकच प्रत. तो मुख्य कचेरीत तयार होतो, तिथे कोणी कोणाला ओळखत नाही. पान नऊवर अर्धं पानभर फोटो. खाली लिहिलंय, ‘वस्तुघराच्या मदतीने स्वगृही परतणारी एक निराधार वृद्धा.’

ताई, मॅडमचं वय पंचेचाळीस आहे.

ही ते पान बघून इतकी हसते की खुब्यात कळ येते, आणि कळ आली की माझ्यावर ओरडते. मॅडमना अजून प्रत मिळालेली नाही. उद्या अकराला त्या येणार आहेत आणि पहिली प्रत मीच त्यांच्या हातात द्यायची आहे. व्यवस्थापक म्हणून. जिन्यात शिंपी भेटला, त्याला म्हटलं, मी एकटा कसा देऊ? तो म्हणाला, “एकटे कशाला? मी येतो, ड्रायव्हर येतो, वरचे दोघं येतात, बाई तर रजा टाकून येतील, निवृत्त असल्या तरी. तुम्ही फक्त ती प्रत काकूंच्या उशाखालून काढून आणा. आम्ही मागितली तर त्या देत नाहीत.”

मलाही देत नाही.

तुझा
धाकटा